राखलेलं प्यादं

केरूआबांनी मुंबईच्या यंत्राला बुद्धिबळात हरवलं, असं लोणावळ्यात अजूनही सांगितलं जातं. सांगणारे बहुतेक जण त्या दिवशी सभागृहात नव्हते. जे होते त्यांतलेही काही आता तसंच सांगतात, कारण इतक्या वर्षांनी बरोबरीची गोष्ट ऐकायला कोणी थांबत नाही. मी टेलिफोनपाशी बसलो होतो. एकूण एक चाल माझ्या तोंडून गेली आणि माझ्या कानांत आली. म्हणून सांगतो: हरवलं नाही, बरोबरी झाली. त्या बरोबरीचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा मी पाहिलेल्या कुठल्याही विजयाचा वाटत नाही. मी विजय फारसे पाहिलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तारमास्तर म्हणून लोणावळ्याला आलो. त्या काळी गावात दोन प्रकारची माणसं असत. हवा खायला आलेली आणि त्यांना ती खाऊ घालणारी. केरूआबा दोन्हींत बसत नव्हते. ते जवळच्या औंढे गावचे. घरची चार खाचरं भाताची, आणि नोकरी रेल्वेत सांधेवाल्याची. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायची तर सांधा बदलावा लागतो. तो बदलला, नीट बसला, याची खात्री करून मगच झेंडी दाखवायची, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणतो खरा, पण घाट चढून आलेल्या गाडीतली हजारभर माणसं त्या एका माणसाच्या खात्रीवर पुढे पुण्याला जात असत आणि त्यांना त्याचं नावही ठाऊक नसे.

मालधक्क्यासमोर गेनूभाऊचं चहाचं दुकान होतं. बाहेर एक बाक, आणि बाकावर केरूआबांचा पट. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते पोळपाटाचं एखादं जंगली भावंड वाटलं. रुळांखालच्या, मोडीत निघालेल्या सागवानी स्लीपरचा चार बोटं जाड तुकडा, त्यावर तापलेल्या सळईनं डागून काढलेली चौसष्ट घरं. मोहरी औंढ्याच्या सुतारानं कातून दिलेली. हत्ती आणि उंट यांच्यात सुतारानं फार फरक केलेला नव्हता, पण खेळणाऱ्यांना तो ठाऊक होता. एक काळं प्यादं कधीतरी हरवलं होतं आणि त्याच्या जागी लोखंडी नट असे. तो हलवला की लाकडावर ठक्क आवाज व्हायचा. बाकीची प्यादी मुकाट चालत, हे एक बोलत चालायचं.

डाव चालू असताना ते मधेच उठत. गाडीची शिट्टी आपल्याला ऐकू येण्याआधी त्यांना ऐकू येई. घाटातून गाडीला मागून ढकलत आलेलं इंजिन इथे सुटायचं, ते बाजूच्या रुळावर घ्यायचं असे. वीस मिनिटांनी हात पुसत परत यायचे, उभ्या उभ्याच पटाकडे बघायचे आणि चाल करायचे. एकदा गेनूभाऊनं ते गेल्यावर गंमत म्हणून त्यांचा उंट एक घर सरकवून ठेवला. केरूआबा आले. उंट उचलून होता तिथे ठेवला. चहा मागितला.  गेनूभाऊनंच न राहवून विचारलं,

"आबा, कळलं कसं?"

"रातच्याला रूळ कुटं हायेत ते कळतं का न्हाई? तसंच."

त्यांचं एक पालुपद होतं. समोरच्यानं घाईनं मोहरं उचललं की म्हणायचे, "आदी सांधा, मग झेंडी." म्हणजे आधी बघ, मग हल. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की तार पाठवण्याआधी मीही ते मनात म्हणायला लागलो. त्यानं माझ्या चुका कमी झाल्या. वरिष्ठांना याचं कारण मी कधी सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती सांगतो. आपल्या जुन्या देशी डावात एक रीत आहे. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला तर ती झाली 'बुर्जी'. बुर्जी म्हणजे जिंकणं नव्हे. फार तर बरोबरी. तेव्हा कसलेला खेळाडू समोरच्याचं शेवटचं एखादं प्यादं मुद्दाम मारत नाही, राखतो. ते राखून, त्याच्या डोळ्यांदेखत राजाला मात द्यायची. आणि ती मातसुद्धा वजिरानं किंवा हत्तीनं नाही, आपल्या प्याद्यानं दिली तर तिचा मान सर्वांत मोठा. हे शहाणपण आहे की नसती उठाठेव, यावर मी बरीच वर्षं विचार केला. केरूआबांनी कधीच केला नाही. त्यांच्या हातातच ते होतं. राखायचं प्यादं बहुतेक वेळा तो लोखंडी नट असे.

उन्हाळ्यात मुंबईचे एक बॅरिस्टर बंगला घेऊन राहत. एकदा त्यांनी कुतूहलानं, म्हणजे उपकार म्हणून, बाकावर बसून केरूआबांशी डाव मांडला. दीड तासानं बॅरिस्टरसाहेबांपाशी राजा आणि नट उरले. केरूआबांनी नट मारण्याची संधी दोनदा सोडली.

"काय हो, दिसत नाही का तुम्हाला?" साहेब हसत म्हणाले. "माझं प्यादं फुकट पडलंय!"

"दिसतंय की साहेब."

"मग?"

"राजा हाय. त्याच्यापाशी एक तरी मानूस नगं का?"

साहेब जमलेल्या लोकांकडे बघून डोळे मिचकावत असताना केरूआबांनी आपलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. प्यादी मात. साहेबांनी पट बराच वेळ पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मग हवेबद्दल बोलू लागले.

विलायती नियम त्यांना डिसोझा नावाच्या इंजिन ड्रायव्हरनं शिकवले. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, हे कळल्यावर ते म्हणाले, "पयल्याच पावलाला दोन घरं? चढावर इंजिन आसं सुटत न्हाई." पण शिकले. बुर्जीची भानगड त्या खेळात नाही, राजा एकटा पाडून खुशाल मात देता येते, हेही त्यांनी ऐकून घेतलं. "त्यांच्यात चालत आसंल," म्हणाले. परजातीच्या जेवणाबद्दल बोलावं तसं.

साठच्या दशकात ते पुण्याला दोन-तीन स्पर्धा खेळून आले. एकदा तिथल्या नामांकित खेळाडूशी बरोबरी केली आणि पुढची फेरी न खेळता परतले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. आयोजकांनी "खेळाबद्दल आस्था नाही" असा शेरा मारल्याचं कानावर आलं. बोगद्यातून येणाऱ्या गाडीला आस्थेवर थांबवता येत नाही, हे त्या आयोजकांना कोण सांगणार!

यंत्राची गोष्ट आबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची. आमच्या गावात एक बुद्धिबळ मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांना बुद्धिबळ येत नसे, पण अध्यक्षपण फार चांगलं येत असे. हार गळ्यात पडण्याआधी मान किती वाकवावी, याचा त्यांच्याइतका अचूक अंदाज मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. त्यांचा भाचा मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होता. तिथल्या मोठ्या गणकयंत्राला काही मंडळींनी बुद्धिबळ शिकवलं होतं. मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. तात्यासाहेबांनी ठरवलं की यंत्र आणि लोणावळ्याचा खेळाडू यांचा सामना टेलिफोनवरून व्हावा. लोणावळ्याचा खेळाडू म्हणजे कोण, हा प्रश्नच नव्हता.

भाचा स्वतः बाकापाशी आला. चांगला मुलगा होता, फक्त खात्री जरा जास्त होती.

"आबा, ते यंत्र थकत नाही, विसरत नाही. त्याला चहासुद्धा लागत नाही."

"मग ते माज्या काय कामाचं न्हाई," गेनूभाऊ आतून म्हणाला.

"तासाभरात हरवेल तुम्हाला. राग मानू नका. हे काम आता माणसाचं राहिलेलं नाही."

केरूआबा बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवली. पटावरून एकदा हात फिरवला.

"तसं आसंल, तर ह्यो पट ठिवून काय करू? हरलो तर चुलीत घालतो. पुन्यांदा मोहऱ्याला हात लावनार न्हाई."

कोणी हसलं नाही. आबांचा शब्द म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. पूर्वी एकदा एका चुकीच्या चालीवर चिडून ते म्हणाले होते, आठ दिवस खेळणार न्हाई. आठ दिवस रोज बाकावर येऊन बसले, दुसऱ्यांचे डाव पाहिले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. खेळणं सोडणं एक वेळ सोपं; बघत बसून न बोलणं संन्याशालाही जमत नाही. तेव्हा तो सागवानी तुकडा आता खरंच पणाला लागला होता, आणि त्याच्याबरोबर गेनूभाऊचा बाक आणि आम्हा दहाबारा जणांच्या संध्याकाळी. बाकी एकाच व्यक्तीनं या प्रतिज्ञेची पत्रास ठेवली नाही. सारूमावशी, म्हणजे केरूआबांची बायको. त्या म्हणाल्या,

"चूल माजी हाय. तिच्यात कुटलं लाकूड घालायचं ते मी बघंन. तुमी आपलं खेळा."

सामना शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी सुरू झाला. व्यासपीठावर कागदी फुलं, एक माईक, हार ठेवलेलं तबक आणि टेलिफोन. संस्थेनं नवा गुळगुळीत पट पाठवला होता. तो आबांनी बाजूला ठेवला आणि आपला स्लीपर मांडला. यंत्राकडे काळी मोहरी. म्हणजे नटही त्याच्याकडेच. तात्यासाहेबांनी दोन भाषणं लिहून आणली होती: उजव्या खिशात मानवाच्या विजयाचं, डाव्या खिशात विज्ञानापुढे नम्र होण्याचं. दोन्हींचं शुद्धलेखन मी तपासून दिलं होतं म्हणून मला माहीत. उजव्यातलं जास्त वाईट होतं.

चाल तयार झाली की मुंबईहून फोन यायचा. बोलणाऱ्या एक बाई होत्या. तरुण, स्वच्छ आवाज. प्रत्येक चाल दोनदा सांगायच्या आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घ्यायच्या. आबांना हे फार आवडलं.

"दोनदा सांगती. रेल्वेत पायजे हुती ही."

पहिला तास गेला. आबा हरले नाहीत. भाच्यानं घड्याळाकडे बघणं बंद केलं. यंत्र विचित्र खेळत होतं. मधेच एखादी चाल अशी की आबा "अरं तिच्या!" म्हणत पाठ ताठ करायचे, आणि मधेच अशी की गेनूभाऊनंही केली नसती. तिसाव्या चालीच्या सुमाराला मोहरी बरीच मारली गेली होती. आणि तेव्हा ते झालं.

यंत्राची दोनच प्यादी उरली होती. त्यातलं एक आबांनी नुकतंच मारलं. दुसरं, म्हणजे नट, आबांच्या घोड्याच्या तोंडात फुकट उभं होतं. मारलं की डाव जवळजवळ संपला. सभागृहात ज्यांना खेळ कळत होता ते पुढे सरकून बसले. आबांचा हात घोड्याकडे गेला, घोड्यावर थांबला, आणि बाजूला वळून त्यांनी राजा एक घर हलवला.

मी चाल सांगितली. बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "परत सांगता का?"

मी परत सांगितली. माझ्या मागे गेनूभाऊ कुजबुजला, "आबांनी त्याला राखलं! अहो, हा विलायती डाव हाय!"

आबांनीही मान वर केली. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं होतं. चाळीस वर्षं जे हातानं केलं ते हातानं पुन्हा केलं होतं, हात विचारायला थांबला नव्हता. सांधा न बघता झेंडी दाखवली होती.

माणूस समोर असता तर राखलेलं प्यादं ओशाळं होऊन उभं राहिलं असतं. यंत्राला आपल्याला कोणी राखलंय याची गंधवार्ता नव्हती. त्यानं नट पुढे ढकलायला सुरुवात केली. एक घर, ठक्क. आणखी एक घर, ठक्क. आबांना घोडा धावत आणून त्याच्या वाटेत उभा करावा लागला. बाकी मोहरी आपसांत मारली गेली. शेवटी उरलं ते असं: आबांचा राजा, एक पुढे गेलेलं प्यादं आणि नटाच्या तोंडासमोर पहारेकऱ्यासारखा अडकलेला घोडा. यंत्राचा राजा पटाच्या कोपऱ्यात शेजारशेजारच्या दोन घरांत येरझाऱ्या घालणारा, आणि नट.

आबांनी एक चाल दिली, आणि त्यानंतर फोन येईना. वाऱ्यानं खंडाळ्याकडे झाड पडून तार तुटल्याचं आमच्या खात्याच्या माणसानं येऊन सांगितलं. अर्धा तास गेला, पाऊण गेला. तात्यासाहेब उठले, तबकातला हार त्यांनी हातात घेतला.

"नियमाप्रमाणे यंत्राची वेळ संपलेली आहे. त्यांनी चाल दिली नाही. आपण विजयी झालो."

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते.

"थांबा," आबा म्हणाले.

गेनूभाऊ व्यासपीठाच्या कडेला आला. त्याचा आवाज रडवेला होता. "आबा, घ्या की. पट वाचतोय. कोन इचारनार हाय?"

"गेनू, गाडी शेक्शनात हाय. दिसत न्हाई म्हनून लाइन किलियर देऊ व्हय?"

यावर रेल्वेतली जी चारपाच माणसं मागे उभी होती त्यांनी माना डोलावल्या; दोन स्टेशनांच्या मधे गाडी असताना वाट मोकळी असल्याचा निरोप द्यायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना काय म्हणायचंय ते कळलं नाही, पण आबा हलणार नाहीत एवढं कळलं. तात्यासाहेबांनी हार पुन्हा तबकात ठेवला. लोक जेवायला घरी जाऊन आले. आबा जागेवरून उठले नाहीत. सारूमावशींनी बायकांच्या बाजूनं भाकरी पाठवली, ती त्यांनी पटाकडे बघत खाल्ली.

दुपारी फोन वाजला. चाल तीच, बाई दोनदा म्हणाल्या: राजा परत कोपऱ्यात.

आबांनी मोहरी एकेक करून पाहिली. मग बोटांवर मोजू लागले. त्यांचं मोजणं मला ऐकू येत होतं. "घोडा सोडला, तर तीन उड्यांत तितं जातोय. पन ते प्यादं बी तीन पावलांत वजीर हुतंय. मी पोचायला आन् त्याचा वजीर व्हायला." पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मान हलवली.

"तारमास्तर, इचारा त्याला. बरोबरी करतो का म्हनावं."

मी विचारलं.  मग बाई संकोचून म्हणाल्या, "त्याला बरोबरी विचारता येत नाही हो. तसं काही आम्ही त्याला शिकवलेलंच नाही. तो खेळतच राहील."

मी हे मोठ्यानं सांगितलं. लोक हसले. आबा हसले नाहीत.

"मग इचारायचं कुनाला?"

"त्या म्हणतात, मला विचारा. प्रोग्राम त्यांनी लिहिलाय."

आबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. रेल्वेचा फोन वापरण्याची सवय, त्यामुळे मुंबईपर्यंत फोनशिवायही गेला असता असा आवाज लावला. त्यांची एकच बाजू आम्हाला ऐकू येत होती.

"बाई, तुमी त्याच्या कोन? ... मंजी घरच्याच. मग चालंल. ... व्हय, घोडा जास्त हाय माज्याकडं, खरं हाय. पन तो बांधलेला हाय. ... न्हाई, न्हाई. उगं मला बरं वाटावं म्हनून व्हय म्हनू नका. कागदावर मांडून बगा. मी थांबतो."

ते थांबले. रिसीव्हर कानाला लावून, दुसरा हात पटाच्या कडेवर ठेवून. सभागृहात दीडदोनशे माणसं एका मुलीच्या हिशेबाची वाट बघत गप्प होती.

"बरं. ... मान्य? ... मान्य. ... तुमचं लेकरू ब्येस खेळलं म्हनून सांगा त्याला. ... अं? प्यादं मारलं न्हाई, ते व्हय." इथे ते जरा ओशाळले. "ती माजी सवय हाय, बाई. हाताची."

रिसीव्हर ठेवला. तात्यासाहेब माईकपाशी पोहोचलेच होते. त्यांनी उजव्या खिशातला कागद काढला. "आज मानवाच्या बुद्धीनं यंत्रावर—"

"साहेब," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "जितलो न्हाई. बरोबरी झाली. ती सांगा."

तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग डाव्या खिशाला हात लावला. बरोबरीसाठी खिसाच नव्हता. माईक खरखरत राहिला. शेवटी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी कागदाशिवाय एक वाक्य उच्चारलं: "बरोबरी झाली."

टाळ्या मागून सुरू झाल्या, जिथे रेल्वेची माणसं उभी होती. मग सगळीकडे पसरल्या. मला अशा प्रसंगी टाळ्या वाजवण्याचा फार कंटाळा आहे. त्या दिवशी माझे तळहात लाल झाले होते. ज्या माणसाला खोटा विजय आयता मिळत होता आणि ज्याला त्याची खरीच गरज होती, त्यानं तो दोनदा नाकारला होता. एकदा तार तुटल्यावर, आणि एकदा ती जुळल्यावर.

हार आबांच्या गळ्यात पडला. त्यांची मान पुरेशी वाकली नाही आणि तो कानाला अडकला. गेनूभाऊनं विचारलं, "आन् पटाचं?"

उत्तर सारूमावशींनी दिलं. "हरलं न्हाईत, चुलीत न्हाई. उचला आन् चला घरी. म्हस वराडत आसंल."

पुढे आबा निवृत्त झाले आणि बाकावर येणं कमी झालं. माझीही बदली झाली. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा जाण्याआधी निरोप घ्यायला मी औंढ्याला गेलो. भाताची कापणी होऊन गेली होती, खळ्यात भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली. आबा ओट्यावर उन्हात बसले होते. समोर पट. त्यावर पाचच मोहरी. मी लांबूनच डाव ओळखला.

"अजून तोच?"

"बसा, तारमास्तर. तुमालाच दावायचा हुता. सारू बगत न्हाई."

"मला दुसरी कामं हायेत," मावशी आतून म्हणाल्या.

आबांनी घोडा उचलला. नटाच्या वाटेतून काढून पुढे टाकला. "म्या राखन सोडली. आता ते पळनार." नट एक घर पुढे, ठक्क. घोड्याची दुसरी उडी. नट आणखी एक घर. तिसरी उडी, आणि घोडा कोपऱ्यातल्या राजापाशी जाऊन उभा राहिला. नट शेवटच्या घरात पोहोचला.

"झाला वजीर," मी म्हणालो. "इथेच तर तुम्ही मोजणं थांबवलं होतंत."

"हितंच. वजीर दिसला आन् मी थांबलो. आता बगा."

त्यांनी आपलं साधं लाकडी प्यादं दोन बोटांनी एक घर पुढे सरकवलं. आवाज झाला नाही. मी काळ्या राजाची घरं एकेक तपासली. एक घोड्यानं धरलेलं, बाकीची आबांच्या राजानं. नवा कोरा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला, काहीही करायला असमर्थ. प्यादी मात.

 ते सांगत राहिले, "आन् ते प्यादं मी तवाच मारलं आसतं ना, तर ह्यो डाव असा लागलाच नसता. घोडा तितं आला की राजाला हलायला घर न्हाई. चाल कुटली करनार? डाव तितंच आडला आसता. त्याचं प्यादं पळतंय म्हनून त्याला चाल हाय, आन् चाल हाय म्हनून मात हाय. राखलं ते चुकलं नव्हतं, तारमास्तर. मोजलं ते चुकलं."

"आबा, म्हणजे तुम्ही जिंकला होतात!"

"न्हाई."

"अहो, पण हे समोर—"

"मला दिसलं न्हाई. त्याला बी दिसलं न्हाई, नायतर त्यानं राजा तसा कोपऱ्यात घातलाच नसता. बाईंनी कागदावर मांडून बगितलं, तिला बी न्हाई. समदी एकाच जागी थांबलो. मग बरोबरीच की ती."

"तात्यासाहेबांना तरी सांगू?"

"नगं. पुन्यांदा हार घिऊन येईल."

मावशींनी चहा आणला. मी प्यायलो, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो, उठलो. खळ्याच्या कडेला येऊन मागे वळून पाहिलं. आबा पटावर वाकले होते. त्यांनी मात दिलेलं प्यादं उचललं आणि एक घर मागे ठेवलं. घोडा उडी उडीनं माघारी नेला. मग नट उचलून, तीन घरं मागे, त्याच्या तोंडासमोर घोडा राहील असा नीट बसवला. सांधा बसला की नाही हे बघावं तसं त्यांनी त्यावर एकदा बोट दाबून पाहिलं, आणि हात मागे घेतला.